कोकमाची फूटपट्टी कुडंपुळीला

संपादक महोदय,

कोकम आणि कुडंपुळी (मलबार चिंच) या गार्सिनिया प्रजातीतल्या जवळच्या जाती. एकीसाठी तयार केलेले एसएसआर मार्कर (डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरून झाडाझाडांतला फरक दाखवणाऱ्या खुणा) दुसरीवर चालवून ‘हिच्यात विविधता कमी’ असं सांगणं धोक्याचं आहे. कोकमात जास्त बदलणारे मार्करच निवडलेले असतात. साहजिकच कुडंपुळीत ते थिटे पडतात. शिवाय प्रायमर (ती जागा हेरून नक्कल सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) चिकटतो त्या जागी डीएनएचं एखादं अक्षर बदललं, तर एक अलील (त्या जागेच्या दोन रूपांपैकी एक) उमटतच नाही आणि विषमयुग्मी (दोन वेगळी रूपं असलेलं) झाड समयुग्मी (दोन्ही सारखी असलेलं) दिसतं. पीसीआरमध्ये (डीएनएच्या नकला काढताना) प्रायमर चिकटण्याचं तापमान ३-४ अंशांनी उतरवलं की जेलवर पट्टी येते खरी, पण ती त्याच जागेची का, हे सिक्वेन्सिंगशिवाय (डीएनएची अक्षरं वाचल्याशिवाय) कळत नाही. दोन्ही जातींच्या सिक्वेन्समधून सामाईक प्रायमर काढणं हाच खरा मार्ग.

घोळ सुरू होतो पानापासून. या झाडांच्या पानांत पिवळा चीक आणि पॉलिफेनॉल ही रसायनं भरपूर. जून पानाचा डीएनए तपकिरी, चिकट निघतो, पीसीआर अडतो. कोवळी तांबूस पानं तोडताच सिलिका जेलमध्ये टाकावीत. २ टक्के सीटॅबमध्ये (डीएनए काढण्याच्या द्रावणात) पॉलिफेनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी २ टक्के घालावं, ते तपकिरी होऊ न देणारं बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल मात्र ऐन वेळी.

आणि नमुने कुठून घेतले हे छापलंच पाहिजे. ‘कोकण अमृता’ या कोकमाच्या वाणाच्या कलमबागेतले ३० नमुने म्हणजे एकच झाड ३० वेळा मोजणं. विविधता शोधायची तर परसातली, ओढ्याकाठची, बियांपासून उगवलेली झाडं गाठा, आणि फळ न देणारी नर झाडंसुद्धा.

– एक वनस्पती अभ्यासक, सिंधुदुर्ग