पोटाची गोळी, डोक्याची गोळी

तीर्थरूप आई-बाबांस, सादर नमस्कार.

फोनवर बाबा "हो हो, घेतो" म्हणतात आणि लगेच फोन आईच्या हातात देतात. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. आई, बाबा जेवून ओट्यावर बसले की हे मोठ्यानं वाचून दाखव, आणि वाचताना गोळ्यांची पिशवी समोर ठेव.

दादानं त्या पिशवीचा फोटो पाठवला होता. मी तो मोठा करकरून पाहिला. दिवसभर दवाखान्याच्या औषध-खिडकीत उभं राहून मी लोकांच्या पिशव्याच पाहते, त्यामुळे गोळ्यांच्या पत्त्यावरून घरात काय चाललंय ते कळतं. गुडघ्याच्या गोळ्यांचे पत्ते रिकामे, आणि लकव्यासाठी, म्हणजे मेंदूत रक्ताची गुठळी अडकू नये म्हणून, दिलेली क्लोपिडोग्रेल जवळजवळ भरलेली. मग आईला विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की बाबा म्हणाले, "पोट लई जळते, रक्त पातळ करायची गोळीच गरम पडते मले, सोडून देली."

बाबा, तुम्ही ज्या गोळीवर आळ घेतला ती यात सगळ्यात कमी दोषी आहे.

क्रम पाहा. कापूस वेचणीच्या दिवसांत गुडघे दुखले म्हणून तुम्ही मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणलं. चिठ्ठी नाही, विचारणं नाही. ते दोन वेळा, कधी उपाशीपोटीही घेतलं. पोटाच्या आतल्या अस्तराला आम्लापासून वाचवणारा एक पदार्थ शरीर स्वतः बनवतं. दुखणं थांबवणाऱ्या या गोळ्या तोच पदार्थ अडवतात, त्यामुळे अस्तर उघडं पडतं, जळजळ होते, पुढे जखमही होते. जळजळ झाली म्हणून मेडिकलवाल्यानं गॅसची गोळी दिली, ओमेप्राझोल. तरी थांबली नाही, मग तुम्ही भलतीच गोळी बंद केली. चोर गुडघ्याची गोळी निघाली आणि हाकललं राखणदाराला.

या डायक्लोफेनॅकचा एक किस्सा सांगून ठेवते. गावाबाहेर मेलेल्या ढोरावर उतरणारी गिधाडं तुम्ही आम्हाला लहानपणी सांगायचे. दुखऱ्या जनावराला हे औषध द्यायचे, ते जनावर मेलं की गिधाडं खायची आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरायची. 2006 साली सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. माणसांसाठी ते बंद नाही, पण ते बीपी वाढवतं, आणि लकवा किंवा हार्टअटॅकचा धोकाही वाढवतं. ज्याचं तोंड एकदा वाकडं होऊन अर्ध्या तासात सरळ झालं, त्यानं तर ते मनानं घेऊच नये. गुडघ्याला शेकून घ्या, वरून जेल लावा. पॅरासिटामॉल किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. हे सगळं मिळूनही डायक्लोफेनॅकइतका झटपट आराम पडणार नाही, हे मला माहीत आहे.

आता ओमेप्राझोल. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ती कच्च्या तुरीसारखी असते. गिरणीतून भरडून निघाल्याशिवाय डाळ होत नाही. ती गिरणी म्हणजे यकृतातलं एक विकर (एन्झाइम), आणि ओमेप्राझोल नेमकी तीच अडवून बसते. म्हणजे गोळी गिळली तरी तिचा गुण कमी येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2009 सालीच हा इशारा दिला आहे, एसोमेप्राझोलबद्दलही. त्यात आपल्याकडच्या बऱ्याच लोकांचं ते विकर जन्मापासूनच मंद असतं. पॅन्टोप्राझोल या बाबतीत पुष्कळ बरी. म्हणून डॉक्टरांना एवढंच म्हणा, "क्लोपिडोग्रेल चालू आहे, गॅसची गोळी त्याला चालेल अशी द्या." आधीची इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिनची गोळी, पोटाला सोसेना म्हणूनच त्यांनी ही दिली होती, त्यांना आठवेल.

क्लोपिडोग्रेल मात्र त्यांना फोनवर विचारून आजच सुरू करा. बंद केल्यावर लगेच काही होत नाही, म्हणून माणसाला वाटतं बरंच आहे. पण रक्तातल्या गुठळी धरणाऱ्या पेशी रोज नव्या बनतात. पाच-सात दिवसांत बहुतेक सगळ्या नव्या, म्हणजे गोळीचा धाक नसलेल्या होतात. दात काढायचा असो की पोट बिघडलेलं असो, ही गोळी थांबवायची की नाही ते लिहून देणाऱ्यानं ठरवायचं.

एक अपवाद आहे, तो नीट लक्षात ठेवा. शौच डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची झाली किंवा उलटीत रक्त, कॉफीसारखा गाळ दिसला, तर घरी बसून विचार करायचा नाही. ते पोटातलं रक्त असतं. त्याच दिवशी दवाखाना. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेवढं डॉक्टरांना सांगा.) आणि पुढे कधी लकव्याचा झटका आला, तर गेल्या तीन आठवड्यांत अशी काळी शौच झाली होती का, हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन अशा माणसाला द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं.

आई, आता तुझं. तुला व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलं की गॅसच्या गोळीनं लकवा होतो, आणि तू घाबरून तुझी पॅन्टोप्राझोल अर्धी केलीस. तशा बातम्या आल्या होत्या खऱ्या, पण त्या बातम्या लोकांच्या आजारपणाच्या जुन्या नोंदी चाळून काढलेल्या होत्या. ज्याला ही गोळी लागते तो आधीच जास्त आजारी असतो, त्यामुळे दोष गोळीचा की आजाराचा ते त्यातून कळत नाही. नंतर सतरा हजारांहून जास्त माणसांवर सुमारे तीन वर्षं चाचणी झाली, अर्ध्यांना खरी पॅन्टोप्राझोल, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी. 2019 साली ती छापून आली. लकवा वाढला नाही, हार्टअटॅक वाढला नाही, पोटाचे संसर्ग तेवढे थोडे जास्त दिसले. तेव्हा भीती नको.

तुझ्या बाबतीत मला वेगळीच काळजी आहे. तू ही गोळी कित्येक वर्षं घेतेस, वर शुगरची मेटफॉर्मिन, आणि मटण-अंडी तुला चालत नाहीत. या तिन्हींनी बी-12 कमी होतं. तळपायाला मुंग्या येतात म्हणतेस, अंधारात न्हाणीघराकडे जाताना भिंत धरतेस, ते त्यानंही असू शकतं. बी-12 कमी झालं की रक्तात होमोसिस्टीन नावाचा पदार्थ वाढतो, आणि तो वाढलेल्या लोकांत लकव्याचं प्रमाण जास्त आढळतं. एकदा रक्त तपासून घे.

आणि तो सोडा! जेवण जड झालं की पाण्यात सोडा फसफसवून प्यायचा. त्यात मिठासारखंच सोडियम असतं. बीपीची गोळी एका हातानं घ्यायची आणि दुसऱ्या हातानं सोडा, हे मला पटत नाही. लोणचं-पापड सोडवताना तुझ्याशी भांडले नव्हते, या सोड्यासाठी भांडीन.

मोठ्या मामांचं तुम्हाला सांगायला नको. सकाळी खाटेवरून उठले आणि घर गरगर फिरलं, भडाभडा उलट्या. सगळे म्हणाले, "पित्त खवळलं असन, रातच्या वांग्याच्या भाजीनं." लिंबू-सोडा झाला, कांदा हुंगवला. मामांना चप्पलेत पाय घालता येत नव्हता, अंगठा दर वेळी चपलेच्या बाजूला पडायचा, आणि उभे राहिले की एकाच बाजूला कलायचे. हात-पाय लुळे नव्हते, तोंड वाकडं नव्हतं, म्हणून लकवा कुणाच्या मनातच आला नाही. मेंदूच्या मागच्या भागात गुठळी अडकली की असंच होतं. तो भाग तोल सांभाळतो. अचानक चक्कर, उलटी आणि त्यासोबत चालता न येणं, जीभ जड होणं किंवा एकाचे दोन दिसणं, हे पित्त नव्हे.

अशा वेळी, किंवा तोंड वाकडं झालं, हात गळाला तर, किती वाजता सुरू झालं ते पाहायचं आणि 108 ला फोन. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सी.टी. स्कॅन, म्हणून सी.टी. आणि हे इंजेक्शन असलेल्या यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातच न्यायचं. वाटेत लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे, कबुतराचं रक्त चोळणाऱ्याकडे थांबायचं नाही. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालायचं नाही. घास श्वासनळीत जाऊ शकतो. ॲस्पिरिनसुद्धा नाही, कारण डोक्यात गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय देवालाही सांगता येणार नाही.

बाबा म्हणतात, लकवा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 86 गावांतले दोन वर्षांतले मृत्यू तपासले. 1599 पैकी 229 मृत्यू लकव्यानं झाले होते, आणि मृत्यूच्या कारणांत तो पहिला होता. शेतात राबणारेच होते ते. खर्ऱ्याचा, त्या तंबाखू-सुपारीचा, विषय मी या पत्रात काढत नाही, पण बाबा, तो मी विसरलेली नाही.

चुलत भावाच्या आतड्याला सूज आहे, म्हणून काकूंनी विचारलं होतं. त्यांना सांगा की आजार भडकलेला असताना रक्तात गुठळी धरायची प्रवृत्ती वाढते, म्हणून बरं वाटलं की औषध सोडू नकोस म्हणावं, आणि पायाला एकाच बाजूला सूज आली तर दाखव. बाकी मी त्याच्याशी स्वतः बोलेन.

शनिवारी बाजाराला जाल तेव्हा दादा सोबत येईल. सगळी पिशवी घेऊन जा, रिकामे पत्तेही, आणि मेडिकलवाल्याकडे नाही तर थेट डॉक्टरांकडे. डायक्लोफेनॅकचा उरलेला पत्ता आईनं काढून ठेवायचा. बाबांना नवा कागद लिहून पाठवते आहे, त्यावर गोळीचं नाव आणि वेळ मोठ्या अक्षरात आहे. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, ओट्यावरच्या देवळीत नको, तिथे पाणी झिरपतं. बी-12 चा रिपोर्ट आला की दादाला फोटो पाठवायला सांगा, मी रात्री नऊनंतर मोकळी असते.

तुमची,
वर्षा