बटणं येतात, पुढं काय?

कोल्हापूर

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

राजारामपुरीत बचत गटाच्या बायकांचा पुढचा वर्ग घेणार म्हणतोस, फार बरं वाटलं. व्हॉट्सॲप, यूपीआय, व्हिडिओ कॉल त्यांना येतंच. पण बटणांची जागा पाठ झालेली असते. ॲप अपडेट होऊन बटण हललं की हात थांबतो. म्हणून आता सगळा जोर एकाच प्रश्नावर दे: फाइल गेली कुठं?

सुरुवात वीजबिलाच्या पीडीएफनं कर. डाउनलोड करायची, फाइल्स ॲपमध्ये शोधायची आणि ‘वीजबिल-२०२५-०६’ असं नाव द्यायचं. वर्ष आधी, मग महिना, म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते. फॉर्मला फोटो जोडताना मात्र हमखास अडतं. मोबाइलचा फोटो दोन-तीन एमबीचा असतो आणि साइट मागते काही केबीच. मग कुणीतरी स्क्रीनशॉट काढतं, अक्षरं पुसट होतात आणि अर्ज परत येतो. आधी कडा कापायच्या, मग आकार कमी करायचा. व्हॉट्सॲपवर कागदपत्र पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं.

खरी मजल गूगल शीटनं मारता येते. कांदा-लसूण मसाल्याचाच हिशेब घे: तारीख, गिऱ्हाईक, किलो, दर, रक्कम. रकमेच्या रकान्यात बरोबर-चिन्ह, मग किलोचा खण, गुणिले दराचा खण, आणि कोपऱ्यातला ठिपका खाली ओढून, मोबाइलवर असेल तर पुढं ‘ऑटोफिल’ निवडायचं. इथं हमखास होणारी चूक म्हणजे किलोच्या खणात ‘५ किलो’ लिहिणं. शीटच्या लेखी तो आकडा नाही, मजकूर आहे. गुणाकार लगेच एरर दाखवतो, पण किलोच्या रकान्याची बेरीज काही न बोलता तो खण वगळते आणि एकूण वजन कमी येतं. ओळखायची खूण सोपी: आकडा आपणहून उजवीकडे सरकतो, मजकूर डावीकडे राहतो. एक खण मुद्दाम बिघडवून ठेव आणि चूक त्यांनाच शोधू दे. आकडे इंग्रजी कळफलकावरूनच घालायला सांग.

शीट शेअर करताना खजिनदार बाई ‘एडिटर’, बाकीच्या ‘व्ह्यूअर’. नाहीतर कुणाचं तरी बोट लागून अख्खी ओळ जाते.

एक गोष्ट कटाक्षानं पाळ: त्यांचा मोबाइल आपल्या हातात घ्यायचा नाही. वेळ लागतो, पण आपण बोट लावलं की शिकणं तिथंच थांबतं. दोघी-दोघींच्या जोड्या कर, आणि पुढच्या आठवड्यात तेच काम वहीत न बघता करायला लाव.

यूपीआयचं एवढंच सांग, की पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे घेताना पिन मागितला म्हणजे ते जाणार. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन.

उन्हाळ्यात मसाल्याची कामं सुरू व्हायच्या आत शीट तयार होऊ दे, म्हणजे यंदाचा हिशेब पहिल्या किलोपासून त्यातच चढेल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल