विषाणू मोजले, पण ते कोणाचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘चमचाभर समुद्रात कोट्यवधी विषाणू’ असे ठळक शीर्षक आले आणि सोमवारी सकाळी मासळी बाजारात त्याचा जाब मला द्यावा लागला. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले हे आमच्या मासळीवालीला ठाऊक आहे. टोपलीवरच्या माश्या हाकलत तिने विचारले, “मास्तर, पेपरात लिवलंय ते खरं काय? सकाळपासून गिऱ्हाईक बांगड्याला हात लावत नाय.”

आकडा खरा आहे, हे तिला सांगावे लागले. वरच्या थरातल्या समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण एक कोटी विषाणू सापडणे ही नेहमीचीच गोष्ट. चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा धरला तर पाच कोटी. पण बातमी वाचून वाटते की ही घाण कालपरवा कोणीतरी आणून ओतली. प्रत्यक्षात फक्त मोजण्याची रीत बदलली. पूर्वी ताटलीत जिवाणू वाढवायचे आणि विषाणूंनी त्या थरात पाडलेली भोके मोजायची, अशी पद्धत होती. समुद्रातले बहुतेक जिवाणू ताटलीत वाढतच नाहीत, त्यामुळे त्यांचे विषाणू मोजणीतून सुटत. १९८९ साली नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी समुद्राच्या आणि तळ्यांच्या पाण्यातले कण थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा एका मिलिलिटरमध्ये २५ कोटींपर्यंत विषाणू मोजले गेले.

आता बातमीतून राहिलेला प्रश्न: हे विषाणू कोणाचे? बहुतेक सगळे जिवाणूंचे. उरलेल्यांत मोठा आणि अभ्यासकांचा लाडका गट आहे तो शैवालांना लागण करणाऱ्यांचा. प्रत्येकाचे गिऱ्हाईक ठरलेले. एका शैवालाला मारणारा विषाणू शेजारून तरंगणाऱ्या दुसऱ्या शैवालाला सहसा ओळखतही नाही, मग माणसाची गोष्टच दूर. (सांडपाण्याबरोबर खाडीत येणारे माणसांचे विषाणू हा खरा आणि गंभीर विषय आहे, पण तो निराळा. त्याची बातमी पहिल्या पानावर छापलीत तर मी आभारच मानीन.)

एकाच विषाणूचे उदाहरण देतो. एमिलियानिया हक्सली नावाचे एकपेशी शैवाल अंगावर चुन्याच्या चकत्या बाळगते. त्याला बहर आला की समुद्र दुधाळ निळा होतो आणि ते उपग्रहाच्या चित्रातही दिसते. मग हा बहर अचानक ओसरतो. तो ओसरवणाऱ्यांपैकी एक विषाणू १९९९ मध्ये इंग्लिश खाडीत प्लिमथजवळ वेगळा काढण्यात आला आणि २००५ मध्ये त्याचा पूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात चार लाख सात हजारांहून अधिक अक्षरे आणि ४७२ जनुके निघाली. करोना विषाणूची अक्षरे साधारण तीस हजार, हे आठवले की अंदाज येतो. त्या ४७२ पैकी बहुतेक जनुके नेमके काय करतात हे त्या वेळी कोणालाच ओळखता आले नाही. ओळखता आली त्यांत काही चरबीसारखे विशिष्ट पदार्थ बनवणारी होती. विषाणूजवळ असली सामग्री कोणी अपेक्षिली नव्हती. त्या पदार्थांमुळे शैवालाची पेशी स्वतःच मरणाच्या वाटेला लागते, असे पुढे दिसले. पेशी फुटली की आतली गंधकयुक्त द्रव्ये पाण्यात येतात आणि जिवाणू त्यांचा वायू करतात. किनाऱ्यावर उतरल्याबरोबर आपण जो ‘समुद्राचा वास’ म्हणतो, त्यात या वायूचा वाटा आहे.

वैविध्याची गोष्ट तर बातमीत औषधालाही नाही. मायक्रोमोनस या जेमतेम दोन मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढ्या, शैवालाला मारणारा विषाणू १९७९ मध्येच सापडला होता. पुढे त्याच शैवालाला मारणारे, पण जनुकांनी एकमेकांपासून वेगळे असे कितीतरी विषाणू निघाले. मग पाण्यातले विषाणू एकेक न वाढवता त्यांचे फक्त डीएनए बनवणारे एक जनुक उचलून ताडून पाहायची युक्ती निघाली. २००२ मध्ये त्या युक्तीने कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियाचा किनारा आणि अंटार्क्टिकाचा समुद्र तपासला, तर दोन्हीकडे ९८ टक्क्यांहून अधिक जुळणारे विषाणू सापडले. एकाच शैवालाच्या मारेकऱ्यांत एवढा फरक आणि पृथ्वीच्या दोन टोकांना असे सख्खे भाऊ!

तरीही ही युक्ती सगळ्यांना पकडत नाही. डायटम शैवालांचे अनेक विषाणू इवलेसे आणि डीएनएऐवजी आरएनएचे असतात. त्यांच्याकडे ते जनुकच नाही, आणि विषाणूंना चमकवून मोजायच्या रंगांतही ते नीट दिसत नाहीत. म्हणजे तुमचा कोटींचा आकडा कमीच असण्याची शक्यता आहे. आपली तारली मुख्यतः डायटमवरच पोसते. विषाणूने डायटम फोडला की त्याचे अन्न तारलीच्या तोंडी न जाता विरघळून जिवाणूंच्या पदरी पडते. तेव्हा या विषाणूंची काळजी करायचीच असेल तर खाणाऱ्याने नव्हे, जाळे टाकणाऱ्याने करावी.

विषय दूरदेशीचा वाटू नये म्हणून आणखी एक. अमिबाला लागण करणाऱ्या, शैवालांच्या या मोठ्या विषाणूंशी दूरचे नाते असणाऱ्या एका राक्षसी विषाणूचे नाव ‘पवई लेक मेगाव्हायरस’ असे आहे. २०१६ मध्ये त्याचा जनुकीय आराखडा मुंबईतूनच प्रसिद्ध झाला. पुरवणीत एवढे एक वाक्य आले असते तरी मुलांनी ती कापून वहीत चिकटवली असती.

विनंती दोनच. येत्या रविवारी, हे विषाणू माणसांचे नाहीत, अशी चार ओळींची चौकट छापा, शीर्षकाच्याच टाइपात. आणि गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेतल्या एखाद्या अभ्यासकाकडून अरबी समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवर मराठीत लेख लिहून घ्या. शब्दमर्यादा जरा सैल ठेवा.

मासळीवालीला मी एवढेच म्हणालो, “हे जिवाणूंचे नि शेवाळाचे विषाणू, बांगड्याचे नव्हेत नि माझेही नव्हेत.” आणि सहा बांगडे घेतले. सातवा तिने फुकट टाकला, तो तुमच्या खाती मांडून ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी