कोपरखैरण्यात घरी येणाऱ्या फिजिओताईंना

ताई, नमस्कार.

तुमच्यासमोर हे बोलायला गेलो की गळा दाटून येतो, म्हणून लिहितोय. आणि उघडच लिहितोय, माझ्यासारखं अंथरुणाला खिळलेलं कुणी वाचेल.

मी माथाडी माणूस. तुर्भ्याला गोण्यांची थप्पी अंगावर आली, मणका गेला आणि कमरेखालचं सगळं थांबलं. ते सोसलं. पण ज्या पायांना टाचणी टोचलेली कळत नाही, तेच पाय रात्री निखाऱ्यांत धरल्यासारखे जळायचे, हे कुणाला पटेना. ‘पायात जीव नाही, मग दुखतं कसं?’ घरचेच विचारायचे. त्या प्रश्नानं मी आतून तुटत गेलो.

तीन वर्षांनी पुतण्याकडून अर्ज लिहून घेतला. मा. जिल्हाधिकारी, ठाणे. विषय : इच्छामरणाची परवानगी मिळणेबाबत. बायको दोन दिवस जेवली नाही. भाऊ म्हणाला, असलं अभद्र बोलू नये. तुम्ही चष्मा लावून अर्ज शेवटपर्यंत वाचलात आणि म्हणालात, “दादा, यात दुखण्याचं एकच वाक्य आहे. बाकी सगळं घरच्यांवर भार झाल्याचं. त्यांना विचारलंत कधी?”

विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं. बायको म्हणाली, “रात्री तुम्ही तोंडात चादर कोंबता ते मला ऐकू येतं. उठवत का नाही?”

कायदाही तुम्हीच समजावलात. केईएम हॉस्पिटलात वर्षानुवर्षं निपचित पडून राहिलेल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा 2011चा निकाल, मग 2018चा त्याच कोर्टाच्या घटनापीठाचा. बरं होण्याची आशाच उरली नसेल तेव्हा कृत्रिम आधार काढून घेता येतो. सुई देऊन मरण आणणं आपल्याकडे गुन्हाच आहे. माझा अर्ज कुठेच बसत नव्हता. पण उद्या शुद्ध हरपली, तर व्हेंटिलेटरवर किती ठेवायचं हे आज लिहून ठेवता येतं, दोन साक्षीदार आणि नोटरीपुढे. ते मी केलं. आपल्या देहाबद्दल कुणीतरी आपल्याला विचारलं, हे फार मोठं वाटलं, ताई.

आणि वही. दर तीन तासांनी दुखण्याचा आकडा, दहापैकी. पंधरा दिवसांत दिसलं की ‘नको हे जगणं’ असं मी लिहायचो ते पहाटे दोन ते चारच्या मध्येच, आकडा नऊ असताना. ती वही घेऊन तुम्ही मला वेदना-उपचाराच्या डॉक्टरांकडे धाडलंत. हे इजा झालेल्या नसांचं दुखणं, साध्या पेनकिलरनं शमत नाही, असं त्यांनी बायकोसमोर सांगितलं. तेवढ्यानंच मी रडलो. गोळ्या बदलल्या, रात्रीच्या गोळीची वेळ बदलली.

दुखणं गेलेलं नाही. पाचवर असतं, पावसाळ्यात सात. एका रात्री पुन्हा तोच विचार आला, तेव्हा तुम्ही मोबाईलमध्ये घालून दिलेला टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 नंबर लावला. पलीकडची बाई मराठीतच बोलली, उजाडेपर्यंत धीर आला. सकाळी बायकोलाही सांगितलं. आता सांगतो.

अर्ज अजून कपाटात आहे. तुम्ही फाडायला सांगितलं नाहीत, त्याचेही आभार. पुढच्या गुरुवारी जरा लवकर या. पोरगी वहीतले आकडे मोठ्या कागदावर उतरवतेय, तिला ते तुम्हाला स्वतः दाखवायचेत.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा दादा