बिल 'मंडप व किरकोळ' खात्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या करिअर पुरवणीत नाट्यशास्त्राच्या पदवीवर अर्धं पान आलंय. वाचलं. वाचावंच लागलं, कारण सकाळपासून ओळखीचे पालक फोन करत होते, 'पोराला घालू का?' नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी यांचे फोटो झकास छापलेत. पण ज्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून ते बाहेर पडले, तिथे बारावीनंतर थेट प्रवेश मिळत नाही. आधी पदवी लागते, नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो, मग निवडीची चाळणी. एवढी एक ओळ फोटोंच्या मध्ये मावली असती. शिरपूर नाहीतर पाचोऱ्याचा एखादा मुलगा आत्ता बॅग भरून बसला असेल.

पुण्याचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी यांची नावं आहेत, ठीक. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग मात्र लेखकमहाशयांना दिसलाच नाही. जळगावच्या मुलाला तो अजिंठ्याचा घाट ओलांडला की गाठता येतो (रस्त्याबद्दल मी बोलत नाही, ते आपणच अधूनमधून छापता). मी तिथलाच. अभिनेता व्हायला गेलो आणि दिव्यांच्या नादी लागलो. आई तेव्हा म्हणायची, "नाटक करीसनी पोट भरस का रे, भाऊ?" ती गेली, पण प्रश्न तिने नातेवाइकांच्या हवाली केलाय.

असो. हे पत्र लेखातल्या एका वाक्यासाठी आहे : 'महाविद्यालयांतून मार्गदर्शक म्हणून उत्तम मानधन मिळते.'

युवारंग, म्हणजे इकडच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा युवक महोत्सव, जवळ आला की जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना आमची आठवण येते. विडंबन नाट्य बसवायचं असतं, मूकनाट्य बसवायचं असतं, आणि वेळ कधीच नसतो. अशाच एका महाविद्यालयात, नाव सांगत नाही, मी आणि माझ्या एका वर्गमैत्रिणीने पावसाळाभर तालमी घेतल्या. मुलं गुणी होती. कापूस वेचून, शेवटच्या एसटीचं भान ठेवून तालमीला येणारी. मूकनाट्याला पदक मिळालं. संस्थाचालकांनी पदक स्वतःच्या हातात धरून फोटो काढला. तो आपल्याच दैनिकात आला होता. त्यात आम्ही दोघं नव्हतो, मुलंही मागच्या रांगेत.

मग बिल दिलं. हेडक्लार्क भला माणूस, पण म्हणाला, "सर, 'दिग्दर्शन' असं खातंच नाही आपल्याकडे. आणि तीन कोटेशन लागतील." म्हणजे मी आणखी दोन दिग्दर्शक शोधायचे, त्यांच्याकडून माझ्यापेक्षा जास्त रकमेची दरपत्रकं लिहून आणायची, आणि मग झालेल्या कामासाठी सगळ्यांत स्वस्त दिग्दर्शक म्हणून माझी निवड व्हायची! दिवाळी गेली, गॅदरिंग गेलं. मार्चअखेरीला फोन आला, 'या, व्हाउचरवर सही करा.' रक्कम निम्मी. खातं 'मंडप व किरकोळ'. वर्गमैत्रिणीचं तर नावच नव्हतं. एकाच व्हाउचरमध्ये दोघांचं भागवलं होतं. शाल आणि श्रीफळ मात्र एकाही कोटेशनशिवाय पदकाच्या दिवशीच मिळालं होतं. आपल्या लेखकांनी उत्तम मानधनाचा आकडा कुठून मिळवला ते कळवावं, मी तिथे अर्ज करतो.

प्राध्यापक होता येतं, असंही लिहिलंय. नेट परीक्षेला नाट्य हा विषय आहे, खरं आहे. पण परीक्षा पास होणं आणि जागा निघणं यांच्या मधली वर्षं तासिका तत्त्वावर कशी काढायची, ते त्या चौकटीत नाही. शाळेत कलाशिक्षक म्हटलं की आजही चित्रकलेचे सर.

तरी आमच्यातलं उपाशी कुणी नाही. एकजण मुंबईत डबिंग करतो. एकीचा वेशभूषेचा व्यवसाय आहे, सुटीत तिला फोन उचलायला फुरसत नसते. एकजण जळगाव आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होता. अहिराणी गाण्यांचं केळीच्या बागांत जे धूमधडाक्याने चित्रीकरण चालतं, त्यात रंगभूषेला आणि कॅमेऱ्यामागे आमचीच पोरं आहेत. मी तमाशाच्या फडाला दिवे लावले, लग्नांना लावले, सर्वपक्षीय सभांना लावले. प्रकाश कुठून पडला की माणूस खोटा दिसतो, हे विद्यापीठात शिकलो होतो. सभांमध्ये ते विसरावं लागतं, नाहीतर पैसे मिळत नाहीत. प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी कलकत्त्याच्या रंगमंचावर नुसत्या दिव्यांनी कोळशाच्या खाणीत पाणी भरून दाखवलं होतं. त्यांचं नाव पुरवणीत नको होतं का? मुलांना कळलं तरी असतं की रंगमंचाच्या अंधारातही पोट भरणारी कामं आहेत, आणि गावाकडे परतल्यावर बहुतेकदा तीच टिकतात.

आता आलोच आहे तर आणखी एक. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्राचा निकाल आपण छापता, तेव्हा दिग्दर्शन आणि अभिनयाची बक्षिसं येतात आणि प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषेच्या ओळी कापल्या जातात. मागे वार्ताहराला विचारलं, तर म्हणाला जागा नसते. त्या दिवशी त्याच पानावर एका नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा चार कॉलम होत्या. यंदा निकाल पूर्ण छापावा, मग आतल्या पानावर, बारीक टायपात का असेना.

पत्राखाली माझं नाव छापू नये. युवारंग तोंडावर आलाय आणि त्याच महाविद्यालयाचा परवा फोन आला होता.

आपला,
एक वाचक, चोपडा