चिठ्ठ्या पिसून दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले असते तर "अगं, त्यात काय" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाला मुलांसाठी रविवारचे मराठी वर्ग काढायचे होते. घरोघरी मराठी कितपत बोलतात ते कळावं म्हणून मी गूगल फॉर्म केला. पहिला प्रश्न, 'बडोद्यात मराठी टिकावी असं वाटतं का?' दुसरा, 'मुलांशी कोणत्या भाषेत बोलता?' पहिल्याला सगळ्यांचं 'हो', दुसऱ्याला जवळजवळ सगळ्यांचं 'मराठी'. मी हरखून गेले. पण समोरच्या वहिनींनी फॉर्म माझ्यासमोर भरला, 'मराठी'वर बोट ठेवलं आणि लगेच लेकाला गुजरातीत हाक मारली, "चाल ने, मोडुं थाय छे!" वहिनी खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत, म्हणूनच मला काही उमगेना.

तुम्ही फॉर्म वाचलात आणि म्हणालात, "आधी तू त्यांच्याकडून शब्द घेतलास. आता त्या तो पाळताहेत." मग 1948 सालची अमेरिकेतली पाहणी सांगितलीत. कम्युनिस्ट देशांच्या बातमीदारांना अमेरिकेत येऊ द्यावं का, असं थेट विचारलं तेव्हा सुमारे 36 टक्के लोक 'हो' म्हणाले. अमेरिकन बातमीदारांना रशियात जाऊ द्यावं का, हे आधी विचारलं, तर तेच 73 टक्क्यांवर गेलं. प्रश्न तेच, फक्त जागा बदललेल्या.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या आठ पट्ट्या कापून तुम्ही त्यांवर माझे आठ प्रश्न लिहिलेत आणि पत्ते पिसावेत तसे पिसलेत. आठ प्रश्नांचे 40,320 क्रम होतात! क्रमाचा परिणाम पिसल्याने नाहीसा होत नाही, तो एकाच प्रश्नाच्या माथी न बसता सगळ्यांत वाटला जातो, हे त्या पट्ट्या हातात घेतल्यावर मला कळलं.

घरी येऊन मी उत्साहाने प्रश्नांचा क्रम बदलण्याचं बटण चालू केलं, तर 'नसल्यास का नाही?' हा प्रश्न त्याच्या मूळ प्रश्नाच्याही आधी येऊन बसला. रात्री साडेनऊला तुम्ही फोनवर शांतपणे समजावलंत: एकमेकांवर अवलंबून असलेले प्रश्न वेगवेगळ्या सेक्शनमध्ये ठेव, पिसणं सेक्शनच्या आतल्या आत होतं. भाषांची यादी खुशाल पिस, कारण पडद्यावर वरच्या पर्यायाकडे बोट आधी जातं. पण 'कधीच नाही, कधीकधी, नेहमी' याला हात लावू नकोस, त्या पायऱ्या आहेत.

आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे, माझ्या मूळ दुखण्यावर पिसणं हा इलाजच नव्हता, हेही तुम्हीच सांगितलंत. वागण्याचे प्रश्न आधी, मताचे नंतर, हा क्रम पक्का ठेवायचा आणि पिसायचे ते फक्त मताचे प्रश्न. 'मुलांशी कोणत्या भाषेत बोलता?' खोडून तुम्ही लिहिलंत, 'काल रात्री जेवताना मुलांशी कोणत्या भाषेत बोललात?'

वहिनींनी नवा फॉर्म भरला. या प्रश्नाशी थांबल्या, थोडा वेळ फोनकडे बघत राहिल्या. मग 'गुजराती' निवडलं आणि म्हणाल्या, "वर्ग सुरू झाले की याचं नाव पहिलं घाल."

पहिलं नाव घातलंय, काका.

आपली,
तळमजल्यावरची