नवीन महाबळेश्वर करताना आमचं खोरं जपा

प्रति,
मा. श्री. एकनाथ शिंदे साहेब,
उपमुख्यमंत्री व नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

साहेब, आपलं दरे गाव याच कोयना खोऱ्यातलं, म्हणून तापोळा-बामणोलीची ओळख करून देत बसत नाही. नवीन महाबळेश्वर या नव्या गिरिस्थानाच्या प्रकल्पासाठी सातारा, जावली, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतली 235 गावं रस्ते विकास महामंडळाच्या नियोजनाखाली गेली. आता वाडीवाडीत जमिनीचे एजंट फिरताहेत.

मुंबईत माथाडी काम करणारा भाऊबंद पड जमिनीवर सही करून मोकळा होतो. त्याला दोष कसा देऊ? भात-नाचणीवर घर चाललं असतं तर तो गेलाच नसता. पण सातबारा एकाचा असला तरी पाणी अख्ख्या वाडीचं असतं. वरच्या अंगाला जेसीबीने डोंगर कापला की पहिल्या मोठ्या पावसात लाल माती खालच्या खाचरात उतरते, बांध फुटतो, लावलेलं रोप गाडलं जातं. वर बोअर मारली की खालचा झरा लवकर आटतो आणि बायकांची हंड्याची खेप लांबते. ज्यानं गुंठाभरही विकलं नाही, भोगायचं त्यानंच.

महाबळेश्वर-पाचगणी 2001 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, तरी बेकायदा बांधकामं थांबली नाहीत. जिथं कृष्णा-कोयना उगम पावतात, त्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर लागतो. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरात 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली. त्या दरडी रिसॉर्टमुळे कोसळल्या असं मी म्हणत नाही. पण असल्या उतारावर आणखी किती कापायचं, हे आधी ठरायला नको का?

कोयना धरणासाठी आमच्या आज्यांनी गावं सोडली, आणि पुनर्वसनाचे कागद घेऊन नातवंडं अजून कचेरीत खेटे घालताहेत. पर्यटक यावेत, घरगुती निवास, लाँच, वाटाड्याचं काम यातून पोरांना इथंच रोजगार मिळेल. मात्र जमीन गेली की मालकाच्या पोराला त्याच जागेवर वॉचमनची नोकरी उरते.

म्हणून विनंती: तीव्र उतार, भातखाचरं आणि झऱ्यांच्या वरचं रान बांधकामाला खुलं करू नका. गट नंबर दाखवणारा नकाशा मराठीत, प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा. आणि ग्रामसभेची संमती घ्यायची तर ती गावच्या यात्रेला किंवा गणपतीत घ्या, तेव्हा मुंबईकरही गावात असतात.

आपला,
कोयना खोऱ्यातील एक शेतकरी